रूपाने कापलेल्या दोऱ्या

कार्तिकातल्या सकाळी कापलेल्या भाताचा ओलसर, गोडसर वास लवळ्याची टेकडी चढून वर येतो आणि विद्यापीठाच्या वसतिगृहांच्या कँटीनमधल्या चहाच्या वाफेत विरघळून जातो. त्या वासातच आमचा शनिवारचा वर्ग भरतो. यंत्रांचे आराखडे काढण्यात सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर मी इथे आसपासच्या शाळांतून चाचणी घेऊन निवडलेल्या, चौथीतल्या हुशार मुलांना अवकाशयानांचे खेळ शिकवते. पाण्याच्या जोरावर उडणारे बाटलीचे अग्निबाण, पुठ्ठ्याच्या चाकांच्या गाड्या आणि गच्चीवरून सोडलं तरी आतलं अंडं फुटू न देणारं यान.

रूपा त्या मुलांतली सर्वांत अबोल. डोंगरावरच्या वाडीतली. तिची जुळी बहीण सीमा तिच्याच शाळेत, तिच्याच बाकावर बसणारी. चाचणीही दोघींनी शेजारी बसून दिली होती. निवड मात्र एकट्या रूपाची झाली.

रूपाचं यान साधंच होतं. कागदी पेल्यात कापसाच्या कुशीत ठेवलेलं अंडं, खाली स्ट्रॉचे वाकडे पाय, वर दोऱ्यांनी बांधलेली प्लॅस्टिकच्या पिशवीची छत्री. सरावाच्या दिवशी ते इतकं अलगद, इतकं निवांत तरंगत उतरलं, की खाली उभी असलेली मुलं बोलायचीच थांबली.

पालकांसमोर यानं सोडायची होती त्या सकाळी मी जिना चढत असताना ती गच्चीच्या दाराआड एकटी बसलेली दिसली. हातात कात्री, मांडीवर छत्री. काही दुरुस्ती चालली असेल असं समजून मी पुढे गेले. तिची पाळी आली तेव्हा यान दगडासारखं खाली आलं. फरशीवर बलक पसरला. मी छत्री उचलून पाहिली. दोऱ्या तुटल्या नव्हत्या, कापलेल्या होत्या.

"का गं कापल्यास?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासू लागली. "अंडं फुटलं की वर्गातनं काढत्यात ना, बाई?"

"तुला जायचंय इथून?"

"सीमा माझ्याशी बोलत न्हाई. शाळेत समदी तिला ढ म्हनत्यात."

मी वर्गाच्या संयोजकांकडे गेले. सीमालाही घेऊया, म्हटलं. ते सौम्यपणे म्हणाले, "एकीला घेतलं की सगळेच मागतील, मॅडम." त्यांच्या बोलण्यात खोट काढण्याजोगं काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला अधिक त्रास झाला.

रविवारी मी सामानाची पिशवी घेऊन वाडीवर गेले. ऊन कोवळं होतं, पेंढ्यांच्या उडव्या सोन्यासारख्या उजळल्या होत्या. दोघींची आई विळा घेऊन कापणीला निघालीच होती.

"रूपाला न्या तुमी, शिकवा," ती म्हणाली. "सीमाचं डोकं चालत न्हाई, तर तिला मी कामाला नेत जाईन. एकीचं तरी बरं हुईल."

हे ती सीमाच्या देखत, कसलाही कडवटपणा न आणता बोलली. पोरींच्या वाट्याचं आयुष्य तिने मनातल्या मनात वाटून टाकलं होतं, आणि त्या वाटणीला आधार होता आमच्या चाचणीचा.

"आज एक दिवस राहू दे तिला," एवढंच मला म्हणता आलं. ती मान डोलावून एकटीच उतरणीला लागली.

सीमाने यान केलं. तिचा हात जड होता. दोऱ्या आखूड-लांब झाल्या, छत्री एका अंगाला कलली. रूपा मदतीला सरसावली, तर सीमाने तिचा हात बाजूला सारला. घरामागच्या उंच कातळावरून तिने यान सोडलं आणि अंडं फुटलं. दुसरं केलं, तेही फुटलं. कुठलंही दडलेलं तेज त्या दुपारी माझ्यासमोर प्रकट झालं नाही, आणि ते व्हावं अशी मी किती आसुसून वाट पाहत होते हे लक्षात येऊन माझी मलाच लाज वाटली.

सीमा मात्र बलकाने माखलेले हात परकराला पुसत हसली, आणि कितीतरी दिवसांनी बहिणीकडे वळून म्हणाली, "छत्री मोठी पायजे व्हय गं?"

रूपा सीमाकडे पाहत नव्हती, फुटलेल्या अंड्याकडेही नाही. ती टक लावून माझा चेहरा पाहत होती, सीमाचा निकाल तिथे शोधत असल्यासारखी. आणि त्या क्षणी आपल्या चेहऱ्यावर काय असायला हवं, हे मला ठरवता येईना.