‘झालं’ म्हटल्यानंतरचे फोटो

माझा थोरला भाऊ वीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतोय. दुकान एवढंसं. एक स्टूल, पांढरा पडदा, दोन दिवे आणि एक कंगवा, जो वापरायची हिंमत फारसं कुणी करत नाही. हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका, हे दिवसातून पन्नासदा म्हणून म्हणून त्याला कुणाचाही चेहरा दिसला की सरळ करावासा वाटतो.

घरीही तीच खोड. त्याच्या धाकट्या मुलाने पहिलं पाऊल टाकलं, तर दादाने त्याला उचलून पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं. पोरगं खाली बसलं. मग दादाने दोन्ही कान दिसतील असा बसलेलाच फोटो काढला आणि वहिनीने कपाळाला हात लावला. सात वर्षांची लेक, आमची खारू, तिचं तर विचारूच नका. वाढदिवस असो की पडलेला दात, सगळ्या फोटोंत चेहरा एकच, सरकारी कामाला आल्यासारखा.

एकदा अल्बम चाळताना खारू म्हणाली, “आत्या, ही मुलगी किती कंटाळवाणी आहे!”

मी हसले. दादा हसला नाही. पुढे तर कॅमेरा दिसला की खारू पलंगाखाली पळायला लागली. पोर भराभर मोठी होत होती आणि बापाकडे तिचा एकही खरा फोटो नव्हता. ते त्याला फार लागलं. मला त्याची दया आली, अर्थात तसं मी त्याला सांगितलं नाही.

मग सुरू झाल्या नकला. कुणाचासा फोटो पाहून त्याने लेकीला खिडकीत पुस्तक देऊन बसवलं. तिने ते मुद्दाम उलटं धरलं. दुसऱ्या कुणाचा पाहून तो खालून फोटो घ्यायला जमिनीवर पालथा पडला, तर धाकट्याने त्याचा घोडा केला.

“दादा, लोकांचं पुरे,” मी म्हटलं. “तुला काय येतं ते कर ना.”

“मला काय येतं? पासपोर्ट!”

दोन दिवस त्याने घरी कॅमेराच काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी दुकानात बसले होते. एक आजोबा स्टुलावर ताठ बसले होते. दादा म्हणाला, “झालं.” आजोबांनी श्वास सोडला, खांदे सैल केले आणि गालातल्या गालात हसले.

दादा बघतच राहिला. “हे मी रोज बघतो गं,” तो म्हणाला. “आणि दर वेळी कॅमेरा खाली ठेवलेला असतो.”

संध्याकाळी तो पलंगापाशी बसला, खाली लपलेल्या खारूचा एक फोटो काढला आणि म्हणाला, “झालं!” खारू बाहेर आली आणि धुळीने सटकन शिंकली. तेव्हा त्याने कळ दाबली.

तेव्हापासून त्याचे फोटो सगळे एक क्षण उशिराचे. बुटांची लेस बांधून झाल्यावरचा सुस्कारा. भांडण मिटल्यावरचे दोन फुगलेले गाल. कान दिसले तर दिसले. वहिनी चिडवते, “तुम्ही कायम गाडी सुटल्यावरच पोचता.” पण शंभर फोटोंत मी त्याचा फोटो ओळखीन.

गेल्या रविवारी खारू सायकलवरून पडली. गुडघा खरचटला, तिने रडून घर डोक्यावर घेतलं. दादा नुकताच दुकानात जायला निघाला होता. तो धावणार, तेवढ्यात तिचीच हाक आली, “बाबा, कॅमेरा आण! लवकर! माझं रडून झालंय!”

दादा एका पायात चप्पल घालून पळाला. नाक पुसत, खरचटलेला गुडघा पुढे करून खारू दारात त्याची वाट बघत उभी होती.