आवाज गेलेला पिक्चर

आईची बॅग दाराजवळ भरून ठेवलेली होती आणि आम्ही पिक्चरला निघालो होतो. आमच्या घराला त्या दिवसांत काही ताळतंत्रच उरलं नव्हतं. सोमवारी सकाळच्या गाडीने ती हुबळीला मामाकडे जाणार होती. परत कधी येणार असं विचारलं तर "बघू" म्हणायची. त्या "बघू"चा अर्थ कळायला मी काही लहान नव्हते, कॉलेजात होते.

कारण अण्णा. बेंगळुरातल्या आमच्या जुन्या मराठी घरांत वडिलांना अण्णा म्हणतात, तसंच मीही म्हणायची. कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात जन्म घालवलेला माणूस. हळूहळू ते आईशी बोलेनासेच झाले होते. ती काही सांगायला गेली की पेपर तोंडासमोर यायचा. मागून हाक मारली तर मान वळायची नाही. "स्वल्प कमी ऐकू येतंय," असं ते स्वतःच कधीतरी म्हणत, पण प्रेसशॉपमधल्या कोणाला नीट ऐकू येतं? आईने कधीच निकाल लावून टाकला होता. "कान बरे आहेत त्यांचे. माज आलाय. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं."

जायचं ठरल्याचंही तिने चपात्या लाटता लाटता, त्यांच्याकडे पाठ करून सांगितलं. अण्णांनी शेवटचा घास खाल्ला, हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. "राहा म्हणायला जीभ झडली असती का?" असं ती मला विचारत राहिली. मग बॅग दाराशी आली. ती आणि तिच्यावर ठेवलेलं सोमवारचं तिकीट बघून अण्णा काय ते समजले असावेत.

तशात शेजारच्या तेलुगू अक्कांकडे रविवारी पाहुणे टपकले आणि त्यांची मॅटिनीची तिकिटं आमच्या गळ्यात पडली. अक्कांचं मन मोडायचं नाही हा आईचा नियम होता. नवऱ्याला सोडून जायचं असलं तरी शेजारणीला नाही म्हणायचं नाही.

पिक्चर कुठला तरी परदेशी, मारामारीचा, वर विनोदी आणि तेलुगूत डब केलेला. आमच्यापैकी कोणालाच तेलुगू धड येत नव्हतं. पोस्टरवर नट हातात बश्यांची चळत धरून हवेत लाथ मारत होता. मी तेव्हा फिल्म सोसायटीत जायची, त्यामुळे माझं नाक आधीच वर होतं. दोन तास डोकं उठणार याची मला खात्री होती.

डोकं उठलं नाही. तो नट अस्सल निघाला. क्रॉकरीच्या दुकानातला नोकर होता तो. मालकाने दटावलेलं असतं की एक बशी फुटली तर घरी जा. हे कळायला भाषा लागत नव्हती. तेवढ्यात दुकानात गुंड शिरतात. मग हा एकाला लाथ घालतो, त्याच पायावर पडती बशी झेलतो आणि ती जागेवर ठेवून दुसऱ्याकडे वळतो. एका दांडग्याच्या हातात तर त्याने अदबीने किटली दिली. तो दांडगा ती सांभाळत मारामारी संपेपर्यंत कोपऱ्यात उभा. मी तोंडावर रुमाल धरून हसत होते. आणि अण्णा सगळ्यांच्या आधी हसत होते. घरी ते आमची तोंडं बघून मागाहून हसायचे. इथे किटली पुढे व्हायच्या आतच त्यांनी मांडीवर थाप मारली. असे हसताना मी त्यांना किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

आई आमच्या दोघांच्या मधे बसली होती. ती पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होती. जाण्याच्या आदल्या दिवशी नवरा एवढा खुशीत, हे तिला सहन होत नव्हतं.

आणि आवाज गेला. चित्र चालू, आवाज बंद. थिएटर पेटलं. शिट्ट्या, खुर्च्यांवर लाथा, "सौंडू, सौंडू" म्हणून ओरडा. हसायचं सगळ्यांचं थांबलं होतं. एकटे अण्णा हसत होते. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"अहो, आवाज गेलाय," आई म्हणाली.

अण्णांची नजर पडद्यावर. ती पुन्हा म्हणाली, जोरात. मग त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली. ते हसत राहिले. आईचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट आवळला गेला. थोडं कमी नाही, काहीच ऐकू येत नव्हतं त्यांना. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माजोरी म्हणवून घेणं त्यांना बरं वाटलं होतं. ते त्यांनी बायको घर सोडून निघेपर्यंत निभावलं होतं.

आई पुन्हा त्यांच्या कानाशी वाकली. "मी उद्या जात नाही हं," ती म्हणाली. पडद्यावर एक बशी गरगरत पडायला आली होती. अण्णांनी टाळी वाजवली. आई अंधारात रडत होती आणि मी पुढे बघत बसले.

घरी आल्यावर ती त्यांच्याशी काही बोलली नाही. कुठून सुरुवात करावी हेच तिला सुचत नसावं. बॅग दाराशी तशीच राहिली.

सोमवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि त्यांनी बॅग उचलली. "चल," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "गाडी चुकेल."

आई स्वयंपाकघरातून आली. पिठाच्या हाताने तिने त्यांची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"मी जात नाही." एकेक शब्द सुटा, आणि असा मोठ्याने की अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

अण्णा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी बॅग खाली ठेवली.

"एवढं ओरडतेस कशाला?" ते म्हणाले. "ऐकू येतं मला."

"सरी, बरं," आई म्हणाली. पण ती त्यांच्या समोरून हलली नाही.