थोरल्या साडूंचा उनाड कर्सर

वस्तू आपणहून बिघडते यावर विश्वास नसलेला माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून ते नात्याने थोरले, हडपसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला उभी हयात काढली म्हणून अनुभवाने थोरले, आणि समोरच्याची चूक काढण्याच्या हौसेत तर त्यांच्याहून थोरलं मी अजून कुणी पाहिलेलं नाही. पंखा कुरकुरला म्हणून त्यांना बोलवावं, तर ते पंख्याकडे बघतच नाहीत, आधी मालकाकडे बघतात. "आधी काय केलंत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "काही नाही" हे उत्तर त्यांना चालत नाही. आमचा मिक्सर जळाला तेव्हा त्यांनी आम्हा नवराबायकोला स्वयंपाकघरात शेजारी शेजारी उभं केलं आणि शेवटची चटणी कसली होती इथपासून सुरुवात केली. ओलं खोबरं फ्रीजरमधून काढून तसंच दगडासारखं आत टाकलं होतं, हे माझ्या बायकोने बऱ्याच वेळाने कबूल केलं. "हं," साडू म्हणाले, "आता दुरुस्त होईल." जणू मिक्सर इतका वेळ तेवढ्याच कबुलीसाठी अडून बसला होता. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी स्पीकर किंचाळायला लागला, तर हे अक्षता हातात घेऊन तरातरा पुढे गेले आणि माईक कुणी हलवला ते विचारू लागले. गुरुजी म्हणाले, "अहो, मुहूर्त टळतोय." साडू म्हणाले, "मुहूर्त पुढचा मिळेल. अॅम्प्लिफायर जळला तर कार्यालयवाले तुम्हाला सोडणार नाहीत." माईक गुरुजींनीच हलवला होता, हे पुढे निष्पन्न झालं.

दुसरा त्यांचा स्वभाव म्हणजे तात्पुरत्या इलाजाचा तिटकारा. मूळ दोष सापडल्याशिवाय वस्तू चालू करणं त्यांना लबाडी वाटते. कुणाच्या घरी टीव्हीच्या रिमोटला रबरबँड लावलेला दिसला, की यांचा जीव कासावीस होतो. एकदा माझ्या मित्राकडे चहाला गेलो असता बोलता बोलता त्यांनी तो रबरबँड सोडवून खिशात घातला. सेल बाहेर पडले, टीव्ही बंद पडला आणि क्रिकेटचा सामना ऐन रंगात असताना त्या घरात शांतता पसरली. "आतली पत्ती वाकलीय," ते म्हणाले, "पत्ती सरळ करून घ्या. पाय दुखतो म्हणून माणसाच्या हातात काठी द्यायची आणि पाय बघायचाच नाही, हे आपल्याला जमत नाही." पत्ती सरळ करायला स्वतः थांबले नाहीत, कारण वाकवली कुणी ते मित्र सांगेना. तो मित्र अजून मला त्या रबरबँडबद्दल विचारतो.

या माणसाशी अक्कांनी संसार कसा केला, हे आम्हा सगळ्यांना कोडं होतं. अक्का म्हणजे माझी मेव्हणी. दोघी बहिणींचं माहेर लोणी काळभोरचं. माझ्या बायकोची भाषा शहरात येऊन कधीच धुऊन निघाली, पण अक्कांनी आपली बोली हडपसरमध्ये शेवटपर्यंत जशीच्या तशी ठेवली. नवऱ्याच्या उलटतपासणीला त्यांच्याकडे एकच उत्तर असे, "माझ्याच हातनं झालं, आता करा नीट." चूक त्यांची असो वा नसो. त्यामुळे त्या घरात दुरुस्त्या फार भराभर होत. दसऱ्याला मात्र राज्य अक्कांचं. साडू आपली हत्यारं पांढऱ्या कापडावर ओळीने मांडत, पकडी, पाने, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, आणि अक्का वाटीत कुंकू चांगलं पातळ कालवून अंगठ्याने एकेकाला ठसठशीत टिळा लावत जात. साडू मागून ओरडत, "अगं, मल्टिमीटरला नको. डाग पडतो."

"पडू द्या की. पकडीला लावायचं आन् त्याला न्हाई? त्ये बी राबतंयच की. त्याचा बी सण हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू स्पिरिटचा बोळा घेऊन बसत आणि सगळे टिळे पुसून काढत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. त्यांच्या शेवटच्या दसऱ्याला अक्कांनी मिक्सर, स्कूटर आणि इन्व्हर्टर यांच्याबरोबर लॅपटॉपलाही टिळा लावला. पण त्याच रात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. पुसापुशी राहून गेली आणि पौषात अक्का गेल्या.

श्रावणात मला साडूंचा फोन आला, "वर्षश्राद्धाला सगळ्या नातेवाइकांना द्यायला अक्काच्या फोटोंचा अल्बम छापून घेतोय. लॅपटॉपचा कर्सर उडतोय. या." अल्बमचं काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. अक्कांचा एकटीचा फोटोच नव्हता. बारसं असो, मुंज असो, त्या कायम फोटोच्या कडेला, हातात वाढायचं भांडं घेऊन, अर्ध्या कुणाच्या तरी खांद्याआड. साडूंना प्रत्येक फोटोतून त्यांना अलगद कातरून काढायचं होतं. आणि हे कातरकाम चालू असताना कर्सर मधेच पिसाळल्यासारखा पळे. अक्कांचा चेहरा निम्मा कापला जाई आणि शेजारच्याचा कान शाबूत राही. मी पोचलो तेव्हा अल्बमच्या पहिल्या पानावर माझाच फोटो मोठा होऊन बसला होता, तोही जिलबी तोंडात धरलेला.

"कर्सर तुमच्या बाजूचा दिसतोय," साडू म्हणाले.

मला बोलवण्याचं खरं कारण वेगळंच होतं. वस्तू स्वतःचीच असल्यामुळे मालकाला प्रश्न विचारायला दुसरा कुणीतरी हवा होता. "विचारा," ते खुर्चीत ताठ बसून म्हणाले. मी विचारलं, "आधी काय केलंत?" ते म्हणाले, "नीट विचारा. क्रमाने." मग मी क्रमाने विचारलं. हात ओले होते का? नव्हते. तळवा टचपॅडला टेकतो का? टेकत असेल म्हणून त्यांनी पेटी वाजवणाऱ्यासारखं मनगटं उचलून बसून पाहिलं होतं. चार्जर काढून पाहिला, घराचं अर्थिंग तपासलं, बोटातली अंगठी काढली, पंखा बंद केला, मोबाइल शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला, टचपॅडचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, पाटावर उभं राहून काम करून पाहिलं. दर खेपेला कर्सर जरा वेळ शहाण्यासारखा वागे आणि अक्कांच्या कपाळाशी आला की पुन्हा उडे. "पॅडवर काही सांडलंय का?" हे विचारायचं मला सुचलं नाही. पॅडच्या कोपऱ्यात एक लालसर ठसा मला दिसला होता, पण त्या घरात तसा ठसा कशावर नव्हता? शेवटी मीच म्हणालो, "भाऊसाहेब, एक माऊस आणा आणि मोकळे व्हा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी रबरबँडच पुढे केला होता.

महिनाभर हे चाललं. अल्बम पुढे सरकेना. छापणाऱ्याने दोनदा विचारलं, आणि साडूंच्या चेहऱ्यावर मी प्रथमच धास्ती पाहिली. अक्का फोटोतही कडेलाच राहणार, असं त्यांना वाटायला लागलं होतं. शेवटी भाद्रपदात एका सकाळी आम्ही लॅपटॉप घेऊन बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, कपाळावर चष्मा चढवलेला गृहस्थ होता.

"काय होतंय?"

"कर्सर उडतो."

"कधीपासून?"

साडूंचा चेहरा उजळला. जन्मभरात पहिल्यांदा त्यांना आपणहून प्रश्न विचारणारा माणूस भेटला होता. त्यांनी सगळं क्रमवार सांगितलं. दुकानदाराने झाकण उघडलं, चष्मा खाली ओढला आणि पॅडच्या कोपऱ्यावर नखाने हळूच टकटक केलं. "हे काय सांडलंय?"

"कुंकू," साडू लगेच म्हणाले. "ओलं लावलं होतं, कडेच्या फटीत उतरलंय. पावसाळी हवेत ते ओल धरतं. मग पॅडला वाटतं, कुणाचं तरी बोट अजून टेकलेलंच आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. दुकानदारही जरा थबकला. "अहो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग इथे कशाला आणलंत?"

"दुसरं काही कारण निघतंय का, ते बघायला."

दुकानदाराने कापूस घेतला, स्पिरिटची बाटली उघडली. बोळा पॅडपर्यंत पोचायच्या आत साडूंनी आपला पंजा त्या ठशावर पालथा ठेवला. अर्थिंगपासून पाटापर्यंत सगळ्या संशयितांना त्यांनी एकेक करून का बोलावलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मूळ दोष सापडू नये म्हणून तो माणूस धडपडत होता. त्यांच्याबद्दल इतकी माया मला त्याआधी कधी वाटली नव्हती. दुकानदाराने बाटलीला बूच लावलं. "पॅड सेटिंगमध्ये बंद करा आणि माऊस लावा," तो कोरडेपणाने म्हणाला, "समोर मिळेल."

समोरच्या दुकानात साडूंनी माऊस घेतला. वायरचा, साधा. काठीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. घरी येऊन त्यांनी टचपॅड बंद केलं, आणि कर्सर एकदम गरीब गाईसारखा झाला.

अल्बम दसऱ्याच्या आत छापून आला. प्रत्येक पानावर अक्का मधोमध आहेत. एका पानावर त्यांच्या खांद्याशी माझा अर्धा कान राहिला आहे, तो साडूंनी मुद्दाम ठेवला असावा असा मला संशय आहे. त्या वर्षी घरात सण नव्हता, पण हत्यारांना सुतक नसतं, असं साडूंनी स्वतःच ठरवून आम्हा दोघांना दसऱ्याला बोलावलं. पांढऱ्या कापडावर सगळं ओळीने मांडलेलं होतं. माझ्या बायकोने वाटीत कुंकू कालवलं आणि अक्का लावत तसेच अंगठ्याने टिळे लावत गेली. मल्टिमीटरपाशी ती जरा थांबली, पण साडू काही ओरडले नाहीत. मग तिने लॅपटॉपचं झाकण उघडलं.

"त्याला लावलेलं आहे," साडू म्हणाले.

तिने अंगठा मागे घेतला. साडूंनी झाकण हळूच मिटलं आणि वायरीसकट माऊस तिच्यापुढे सरकवला. "याला लाव. हा नवीन आहे." तिने माऊसला टिळा लावला, आणि तो त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्पिरिटने पुसला.