दुपारची कडी

माझ्या आत्याच्या मते चंद्रपूर परदेशातच होतं. नगरकडच्या आमच्या गावात ऊस, कारखान्याचा भोंगा आणि चर्चची घंटा एवढंच जग. तिथून मला प्रचारिका म्हणून चंद्रपूरला पाठवायचं ठरलं तेव्हा आत्याने माझ्या बॅगेत लोणच्याची बरणी, पायमोजे आणि एक शिट्टी भरली. शिट्टी वाघासाठी होती. पायमोजे कशासाठी ते तिलाच ठाऊक. मी तेवीस वर्षांची होते, बायबल शाळेतून नुकतीच बाहेर पडले होते आणि जगाला सांगण्यासारखं आपल्याकडे खूप आहे अशी माझी पक्की खात्री होती. जगानेही मला काही सांगावं, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

एप्रिलमध्ये भर बारा वाजता मी बसमधून उतरले. ऊन डोक्यावर पडतं हे मला माहीत होतं, इथे ते जमिनीतून वर येत होतं. ऑटोवाल्याने तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता, नुसते डोळे दिसत होते. माझं उघडं डोकं पाहून तो म्हणाला, "मॅडम, कांदा ठेवत जा पर्समंधी. नाई त ऊन लागन." मी मनात म्हटलं, देवावर भरवसा ठेवून आलेल्या बाईला हा कांदा देतोय. संध्याकाळपर्यंत मला उलट्या सुरू झाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये बायबलशेजारी कांदा असायचा.

तिथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पठाणपुरा वेशीच्या आत एका म्हाताऱ्या जोडप्याकडे खोली पाहून ठेवली होती. जुनं लाकडी दार, त्याला लोखंडी कडी. मी कडीला हात लावणार तोच दार आतून उघडलं. पांढऱ्या बनियनमधले, काठीसारखे वाळलेले एक गृहस्थ हातात पाण्याचा गडवा घेऊन उभे होते. "या. आधी पानी प्या," ते म्हणाले. कोण, कुठली, काही विचारलं नाही. हे घरमालक. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांच्या बायकोला बाई. मीही तेच म्हणू लागले.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, काय चांगला माणूस आहे. दुसऱ्या आठवड्यात मला त्यांची भीती वाटायला लागली. मी कधीही परत आले, बाराला, दोनला, साडेतीनला, तरी माझा हात कडीपर्यंत पोचण्याआधी दार उघडायचं. दुपारी दार नुसतं लोटून त्या फटीपाशी ते स्टूल टाकून बसलेले असत. गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नसे, सगळ्यांच्या खिडक्यांत कूलर घोंघावत असत, आणि या एका घरात कूलर बंद. तो खिडकीत होता, पण त्याच्या वाळ्याच्या ताट्या सुकून गळून पडल्या होत्या. घरात भट्टी आणि भाऊ घामाने निथळत फटीतून गल्ली बघत बसलेले. मी एकदा बाईंना विचारलं, कूलर का लावत नाही? त्या म्हणाल्या, "यायले आवाज नाई चालत." बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ओट्यावर चपलांच्या फळीवर मुलीची एक जोडी होती, निळ्या पट्ट्यांची. बाई ती रोज सकाळी पुसून परत ठेवायच्या. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. मुलगी गेली हे मी ओळखलं होतं, कशाने ते विचारलं नव्हतं. मला विचारायचं होतं असंही नाही. आमच्याकडे मेलेल्यांसाठी तयार उत्तर होतं आणि ते द्यायला मी उतावीळ होते. उलट पाळकसाहेबांकडे मी तक्रार केली, म्हातारा माझ्या येण्याजाण्यावर पाळत ठेवतो म्हणून. ते नुसते "बरं" म्हणाले.

अक्षय तृतीयेच्या सकाळी बाईंनी ओट्यावर ओल्या वाळूचं आळं करून त्यावर नवी मातीची घागर भरून ठेवली. पाण्यात वाळ्याची जुडी सोडली, तोंडावर खरबूज ठेवलं. घरात पुरण शिजत होतं. मग दोघंही माझ्या खोलीच्या दाराशी आले. भाऊ मागे, बाई पुढे.

"आज पित्तर जेवाले बसते आमच्यात," बाई म्हणाल्या. "गेलेल्याच्या नावानं कोनी तरी बसाव लागते. आमची पोरगी कुवारी गेली, म्हनून कुवारी पोरगीच लागते. तू बसशील काय माय? दोन घास खाल्ले, घागरीतलं पानी पेलं, झालं."

तिकडे पितर जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी वेगळं वागले असते असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. मी उभ्या उभ्या त्यांना प्रवचन दिलं. मेलेल्यांना भूक नसते, तहान नसते, तुमची मुलगी देवाच्या हातात आहे, या घागरीची तिला गरज नाही. आवाज गोड ठेवला होता. तो गोडवा आठवला की आजही माझे कान तापतात.

बाई म्हणाल्या, "बरं." भाऊंनी एकच विचारलं, "तहान नसते म्हन्ता?" मी ठामपणे म्हटलं, "नसते." ते ओट्यावर गेले आणि घागरीवरचं खरबूज उगाच सरळ करत बसले.

मी बाहेर पडले. चर्चच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या शिक्षिका आजारी होत्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करायला गेले. त्यांचं आयुष्य त्याच भागात गेलेलं. सकाळचा प्रसंग मी त्यांना जरा फुशारकीनेच सांगितला. त्या उशीला टेकून बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

मुलगी कॉलेजात होती. मे महिन्यात परीक्षा देऊन दुपारी दोनला पायी घरी आली. बाई आरमोरीला लग्नाला गेलेल्या. भाऊ रातपाळी करून येऊन, आतून कडी लावून, कूलरपुढे झोपलेले. तिने कडी वाजवली. किती वाजवली ते कुणालाच माहीत नाही, कारण सगळ्या गल्लीत कूलर चालू होते. पाचला भाऊंनी दार उघडलं तेव्हा ती ओट्यावर पडली होती. दवाखान्यात नेलं, पण ऊन लागलं होतं ते लागलंच. "तेव्हापासून दर वर्षी कुवारी पोरगी शोधत फिरतात," शिक्षिका म्हणाल्या. "अशा मरणाच्या जागी कोणती आई आपली पोर बसवील? एक भाची यायची, तिचं मागच्या साली लग्न झालं. तुले खोली काऊन दिली, काय वाटते?"

त्यांनी मला जेवायला थांबवलं नाही. मीही थांबले नसते. मी सरळ निघाले आणि कांदा त्यांच्याकडेच विसरले.

घर अर्ध्या तासावर होतं. ऑटो दिसेना. डांबर चपलेला चिकटत होतं. रस्त्याने मी माफीची वाक्यं जुळवत होते, मग जिभेला कोरड पडली आणि वाक्यं बंद झाली. गल्लीत शिरले. दोन वाजले होते. सगळ्या खिडक्यांतून तोच एकसुरी आवाज येत होता, आणि मी ओट्यावर चढले तेव्हा दार उघडलं नाही.

ते पूर्ण बंद होतं. त्या घराची कडी मी कधी वाजवलीच नव्हती, ती वाजवली. लोखंड इतकं तापलेलं की पदराने धरावं लागलं. आत काही हललं नाही. पुन्हा वाजवली. मला आता फक्त एकच गोष्ट कळत होती, की ती नेमकी इथेच उभी होती, याच वेळी, आणि हाच आवाज ऐकत होती. मी भ्यायले होते, अगदी लहान मुलीसारखी. कडी सोडून मी हाताच्या मुठींनी फळ्या बडवायला लागले आणि हाक मारली, ती पाळकसाहेबांना नाही, देवालाही नाही. मी "भाऊ, दार उघडा" म्हणून ओरडले.

मग मी घागरीपाशी बसले. खरबूज बाजूला ठेवून ओंजळीने पाणी प्यायले. थंड, वाळ्याचा वास असलेलं पाणी. ते मी माझ्या तहानेने प्यायले की तिच्या नावाने, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर अनेक वर्षं मी ते स्वतःला विचारलं आहे, आणि प्रार्थनेतही विचारलं आहे.

दार उघडलं. भाऊ उंबऱ्यात होते. मागे बाई परसातून धावत आल्या होत्या. झळा येतात, माणूस सकाळचा उपाशी आहे, म्हणून दार बाईंनीच आतून लावून घेतलं होतं. पण भाऊ आत गेलेच नव्हते. ते दारामागे त्याच स्टुलावर बसून होते.

"मले आयकू आलं," ते म्हणाले. "कडी वाजली, सारं आयकू आलं. त्या दिवशी नाई आलं न पोरी. आज आलं. मंग मले उठताच नाई आलं." माझ्या ओल्या हनुवटीकडे पाहून त्यांनी विचारलं, "पानी पेली?"

मी "हो" म्हटलं. भाऊ उंबऱ्यावर बसले आणि मोठ्याने रडले. मीही रडले. माफीचं एकही वाक्य आठवलं नाही.

बाईंनी पत्रावळ मांडली. पुरणपोळी, वडे, चिंचेची आंबटगोड चिंचोणी, कुरडया. जेवण्याआधी मी सवयीने डोळे मिटून माझी प्रार्थना केली. डोळे उघडले तर समोर दोघंही हात जोडून थांबलेले. हाही त्यातलाच विधी असणार असं त्यांना वाटलं. मी दोन घासांवर थांबले नाही, पोट भरेपर्यंत जेवले. त्यानंतर चार वाजता ती दोघं जेवली. पाळकसाहेबांना द्यायच्या त्या महिन्याच्या अहवालात मी यातलं अक्षर लिहिलं नाही.

पुढे माझी नेमणूक एटापल्लीला झाली. तिथल्या जंगलातल्या पाड्यांवर कडी वाजवायची वेळच येत नाही, अंगणाबाहेर उभं राहून हाक द्यायची आणि थांबायचं. थांबायला मी तिथे शिकले. पण वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेला, पहाटेच्या बसने मी चंद्रपूरला येते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझी पात्रता अजून शाबूत आहे. "कुवारी म्हातारी झाली तरी कुवारीच," असं बाई मला चिडवतात. पाळकसाहेबांना कळलं असणार. ते अजूनही नुसतं "बरं" म्हणतात.

आता त्या दिवशी दार मुद्दाम बंद ठेवतात. दोन वाजता मी ओट्यावर चढते, कडी वाजवते, भाऊ उघडतात, मग घागर.

या वर्षी मी कडी वाजवली आणि दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. कूलर कधीच काढून टाकला आहे, ती खिडकी उघडी असते. तिच्यातून बाईंनी हळूच सांगितलं, "यायले आता आयकू येत नाई वो. दिवाळीपासून काहीच नाई. वाजवत राह्य."

मी खिडकीतून आत डोकावले. भाऊ दारामागे स्टुलावर बसले होते. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचा तळवा दाराच्या फळीवर सपाट टेकवलेला. मी परत दारापाशी आले. कडी सोडली, त्यांचा हात जिथे असेल असा अंदाज घेतला, आणि बाहेरून बरोबर तिथे मुठीने वाजवलं.