कॉरिडॉरमध्ये उभं राहणं

माझे बाबा लंडनबाहेर, वॉटफर्डजवळच्या डेपोत रेल्वेचे डबे साफ करायचे. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, की आई "रेल्वेत आहेत" एवढंच म्हणायची. मग स्टॅनमोरच्या डॉक्टरीणबाई "हो का? इंजिनिअर?" म्हणायच्या, आणि आई प्रसाद वाटायला उठायची.

डेपोतल्या युनियनचे पुढारी बार्बाडोसहून आलेले एक काळे, उंच गृहस्थ होते. त्यांच्या तरुणपणी तिथे काळ्या माणसाला गार्डाची नोकरी देत नसत. त्यांनी माणसं जमवून ते बंद पाडलं, असं बाबा सांगत. मला मात्र त्यांचं आमच्याकडे जेवायला येणं जास्त आठवतं. आई म्हणायची, "भावोजी, अजून एक पोळी." ते पोटावर थाप मारून म्हणायचे, "बास, वहिनी! नो व्हेकन्सी!"

त्यांनी डेपोत एक रीत घातली होती. कुणालाही ऑफिसात बोलावलं, की बाकीच्यांनी मॉप, बादल्या खाली ठेवायच्या आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन उभं राहायचं. घोषणा द्यायच्या नाहीत. आतला माणूस बाहेर येईपर्यंत नुसतं उभं राहायचं. गाड्या तोवर तशाच घाण पडून राहत. बाबांसाठीही एकदा सगळे असे उभे राहिले होते, आणि त्यांची नोकरी वाचली होती.

नव्वदच्या दशकात ते पुढारी छातीच्या विकारानं गेले. पाठोपाठ रेल्वेचं खासगीकरण झालं, सफाई कंत्राटदाराकडे गेली, निम्मी माणसं एजन्सीची, कधीही काढून टाकता येणारी आली. मी तेव्हा एडिनबराला शिकत होते. आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिलीच. त्या गृहस्थांच्या कामावर मी एक निबंधही लिहिला होता, आणि ट्यूटरना तो आवडला होता.

ईस्टरच्या सुट्टीत घरी आले, तर बाबांना शिस्तभंगाच्या हिअरिंगला बोलावलेलं. नव्या केमिकलनं हात भाजत होते. ग्लोव्हज मिळाल्याशिवाय त्याला हात लावू नका, असं त्यांनी नव्या बायकांना सांगितलं होतं. त्याला कंत्राटदार कामात अडथळा म्हणत होता.

"मी येते," मी म्हटलं.

"तू येऊन काय करणार?"

"उभी राहीन."

मॅनेजरनं मला ऑफिसच्या दारातच थांबवलं. घरच्यांना आत प्रवेश नव्हता. बाबा एकटे आत गेले. शर्टाला आईनं इस्त्री केली होती.

मी कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून उभी राहिले. दुपारची शिफ्ट येत होती. बाबांबरोबर वर्षानुवर्षं डबा खाल्लेली माणसं मला ओळखून नजर खाली घालत होती, बादली उचलून पुढे जात होती. कुणाला हाक मारावी, कशी मारावी, मला कळेना. शेवटी एका गुजराती काकींचा हात धरला. त्यांची बोटं लाल झाली होती, सोललेली.

"काकी, थोडा वेळ थांबा ना इथे. प्लीज."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "मेरे भी बच्चे हैं, बेटा," त्या म्हणाल्या, आणि हात सोडवून घेतला.

बाबा बाहेर आले ते लॉकरची चावी देऊनच. काय झालं ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी रिकाम्या कॉरिडॉरकडे एकदा पाहिलं.

"कोण कोण आलं होतं?"

"मी होते ना, बाबा."

"तुझं धरायचं नाही गं." आवाजात राग नव्हता. "तुझं इथे काय जाणार होतं?"

मला निबंधात हे लिहिता आलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

गेटवरच्या माणसानं त्यांचा पासही काढून घेतला. बसस्टॉपकडे जाताना मी बाबांना काकींचं सांगितलं; ते ऐकत चालत राहिले. मला वाटलं, घरी आईला काय सांगायचं याचा विचार करत असतील.

"त्या काकींच्या हातांना बरंच लागलंय," ते म्हणाले. "त्या तक्रार करतील. मग त्यांना बोलावतील." ते वळून गेटकडे बघत राहिले. "आता मला आत सोडणार नाहीत."