साडूभाऊंची पंचवीस मिनिटं

नाशिक शहरापासून सुरगाण्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंत शोधलं तरी माझ्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस सापडायचा नाही. दूधवाल्याने नवा शर्ट घातला तर ते त्याला दारातच थांबवून दोन प्रश्न विचारतात. पाहुण्याने वायफायचा पासवर्ड मागितला तर त्याच्या हातात पाण्याचा ग्लास देतात. माझ्या लग्नाच्या बोलण्यांआधी, मी दिलेला पत्ता खरा आहे की नाही हे बघायला ते आमच्या गल्लीतून दोन चकरा मारून गेले होते. हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं, वर "तुमच्या जिन्यातला दिवा गेलाय," अशी माहितीही दिली.

असा माणूस संगणकाच्या कामात पडला हे बरंच झालं. पेठ, सुरगाणा, हरसूल भागात क्षयरोग्यांना औषधं देणाऱ्या एका संस्थेचं काम ते हौसेनं बघतात. नर्सने मोबाइलवर नाव टाकलं की तो माणूस, त्याचं गाव, त्याच्या गोळ्या क्षणात समोर येतात. ही शोधाशोध करणारा सर्व्हर साडूंनीच बसवला. त्याचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्या जगाला खुला. "हजार डोळे तपासतात, म्हणून विश्वास," असं ते म्हणत, आणि विश्वास हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढ्यापुरताच ऐकला. फक्त एक होतं. त्यात दोष सापडला की तो जाहीर होतो, आणि मग सज्जनांइतकाच चोरांनाही कळतो.

असा एक दोष जाहीर झाला नेमका त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याच्या सकाळी. आम्ही इगतपुरीच्या एका हॉलमध्ये होतो. बाहेर आठ दिवसांची झड लागलेली. फोनला रेंज होती ती फक्त मागच्या बाजूला, आचाऱ्यांपाशी. साडूंनी एक पातेलं पालथं घातलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि मला छत्री धरून उभं केलं. पडद्यावर काय लिहिलंय ते मी विचारलं.

"विशिष्ट प्रकारे प्रश्न विचारला की हा सर्व्हर कुणालाही आतलं सगळं देतो. पासवर्ड लागत नाही. दुरुस्ती संध्याकाळी येईल, तोवर बंद ठेवा म्हणतायत."

"मग करा बंद."

"आज हरसूलचा बाजार आहे, साडूभाऊ."

मला कळायला वेळ लागला. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरचे रुग्ण गोळ्या न्यायला खाली उतरतात. सर्व्हर बंद केला तर कुणाला काय द्यायचं हे नर्सला कळणार नाही आणि माणसं रिकाम्या हातानं डोंगर चढतील. चालू ठेवला तर नावं उघडी. कुणाला क्षय आहे हे पाड्यावर कळलं की ठरलेलं लग्न मोडतं, मुकादम कामावर घेत नाही.

त्यांनी हरसूलच्या नर्सला फोन लावला. "ताई, आज येणाऱ्यांची नावं आणि गोळ्या वहीत उतरवून घ्या. लगेच. झालं की सांगा, मी बंद करतो."

"चाळीसेक नावं हायेत सर. टाइम लागल."

"लिहा."

ती लिहीत होती. साडूंचं बोट बंद करायच्या बटणावर होतं. आतून माझी मेहुणी येऊन म्हणाली, "अहो, ओटी भरायला थांबलेत सगळे." त्यांनी वर पाहिलं नाही. मी नुसताच हात हलवला, तशी ती त्यांच्याकडे एकदा बघून परत गेली. आचारी भाताचं पाणी ओतत होते, ते आमच्या बुटांत शिरलं. छत्रीतून गळणारं पाणी साडूंच्या मानेवर पडत होतं आणि छत्री सरकवायचं मला सुचत नव्हतं. पंचविसाव्या मिनिटाला नर्स म्हणाली, "झालं सर." त्यांनी बटण दाबलं.

मी हुश्श केलं. साडू मात्र सर्व्हरला कुणी कधी काय विचारलं त्याच्या नोंदी चाळू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "आला होता."

"कोण?"

"माहीत नाही. अठराव्या मिनिटाला. त्यानं विचारलं आणि आपल्या सर्व्हरनं उत्तर दिलं. काय दिलं ते इथं दिसत नाही."

ती ओळ त्यांच्याशिवाय कुणाला दिसणार नव्हती. त्यांनी तिथूनच संस्थेच्या डॉक्टरबाईंना फोन केला. "मॅडम, पंचवीस मिनिटं मी जाणूनबुजून उघडं ठेवलं. तो त्यातच आला. जबाबदारी माझी."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मीही तेच केलं असतं. पण ज्यांची नावं आहेत त्यांना सांगायला हवं."

"मी सांगतो," साडू म्हणाले.

पुढच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर हरसूलला गेलो. नर्स एकेकाला आडोशाला आणत होती आणि हा माणूस हात जोडून सांगत होता, की तुमचं नाव माझ्या हातून बाहेर गेलं असेल. एक जण शिव्या देऊन गेला. साडूंनी त्या पूर्ण ऐकून घेतल्या. शेवटी एक म्हातारी आली. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "नाव गेलं त जाऊ द्या भाऊ. गोळ्या भेटतील ना पन?"

"भेटतील, मावशी." एरवी साध्या कुलपावर तासभर बोलणाऱ्या या माणसानं तिच्या गोळ्या स्वतः आणून तिच्या हातात ठेवल्या.

नावांचं पुढे काय झालं, कुणी नेली की नुसता डोकावून गेला, हे अजून कळलेलं नाही. परतताना घाटात मी सहज विचारलं, "त्या म्हातारीचं नाव काय हो?"

साडू खिडकीबाहेर बघत राहिले. "ते नका विचारू, साडूभाऊ," ते हळूच म्हणाले.

मी पुन्हा कधी विचारलं नाही.