खालाकडची गप्प मुलं

नोकरीत पाहिलेलं पुष्कळ मी विसरले. विसरले ते बरंच झालं. ही एक केस मात्र विसरता आली नाही.

अशा आठवणी मोठे अधिकारी लिहितात. मी मोठी अधिकारी नव्हते. आमचे मालक पोलिसात शिपाई होते. ते वारल्यावर मला भरती करून घेतलं. शिक्षण चौथी पास, पण तेव्हा चालून गेलं. सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. ही गोष्ट मी हवालदार असतानाची आहे. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. यात नाव कुणाचंच लिहिणार नाही. त्या माणसांना लेकरं आहेत, नातवंडं आहेत.

चिकलठाण्याच्या बाजूला कारखाने आले आणि जालना रोडच्या आत नव्या वसाहती उठल्या. खेड्यातून आलेली जोडपी दोन खोल्यांत राहायची, नवरा एका कारखान्यात आणि बायको दुसऱ्या. गावाकडं पोर सांभाळायला सासू असते, नणंद असते, शेजारीण असते. इथं कुणी नव्हतं. तिथल्या एका गल्लीत एक विधवा मुसलमान बाई पोरं सांभाळायची. पाळणाघर असा शब्द कुणी वापरत नसे. 'खालाकडं ठेवलंय' म्हणायचे. खाला म्हणजे मावशी. दहाबारा पोरं असायची. जरा मोठी झालेली पोरं दुपारी ती गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत नेऊन सोडायची आणि घंटा झाली की घेऊन यायची.

त्या दिवशी मी ठाण्यात अंमलदाराशेजारी बसले होते. बालवाडीच्या बाई रिक्षातून उतरल्या. थेट सरकारी दवाखान्यातून आल्या होत्या. तरुण बाई, पण बोलल्या नीट. गॅदरिंगसाठी पोरांचा फुलपाखरांचा नाच बसवणं चाललं होतं. ओळीत उभी असलेली तीन वर्षांची एक मुलगी खाली बसली आणि आडवी झाली. बाईंना वाटलं, झोपली. उचलली तर मान टाकलेली, ओठ काळेनिळे.

"डॉक्टर म्हणतात, अफू पोटात गेलीय," बाई म्हणाल्या. "वाचेल की नाही ते सांगत नाहीत. मला अजून एक सांगायचंय. ही खालाकडून येते. खालाकडची पोरं मला वर्गात ओळखू येतात."

"कशी?"

"भांडत नाहीत. हातातला खडू दुसऱ्यानं ओढून नेला तरी बघत बसतात."

हे मी आमच्या निरीक्षक साहेबांना सांगितलं. आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर मुलीची आई कारखान्यातून धावत आली होती. तिनं तिथंच फिर्याद दिली, की खालानं माझ्या मुलीला काहीतरी पाजलं. मी तिचा जबाब लिहून घेतला. घरून काही औषध दिलं होतं का, असं विचारलं. नाही म्हणाली. तिचा आवाज गेला होता रडून. "बाई, फाशी द्या तिला," एवढंच परत परत म्हणत होती.

आम्ही दोन पंच घेऊन खालाच्या घरी गेलो, तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. सकाळी त्याच माणसांनी आपली पोरं तिच्या ओटीत टाकली होती. आता कुणी म्हणत होतं, पैशासाठी केलं. कुणी तिच्या जातीवर घसरलं होतं. शहर कसं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. साहेबांनी दोन शिपाई दारात उभे केले.

आत एका चटईवर पाच पोरं ओळीनं झोपलेली. बाहेर एवढा गलका चालला होता, एकानं कूस बदलली नाही. मी झडती घेतली. फळीवर सर्दीच्या औषधाच्या चार बाटल्या, एक चमचा, बिस्किटांचा डबा. अफू नव्हती. पीठ चाळून पाहिलं, गादी उसवली. नव्हतीच.

साहेब म्हणाले, "टाकली असेल कुठंतरी. तुम्ही बोलती करा तिला."

बाई आरोपी असली की तिच्याजवळ बाई पोलीस लागते. आमच्या ठाण्यात आम्ही दोघीच होतो, आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. म्हणून ते माझ्यावर आलं. पुरुष आधी ओरडतात, मग विचारतात. मी ओरडत नाही. चहा दिला आणि समोर बसले.

"बाटल्या कशाला?"

"जुकाम के हैं, जमादारनी."

"दहाबारा पोरांना रोज जुकाम असतो का?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बारा बच्चे हैं, हाथ मेरे दोइच हैं. एक रोया तो बाकी सब उठते. दवाखाने का कंपाउंडर बोला, एक चम्मच देव, सो जाते, कुछ नहीं होता. सबको नहीं देती. जो ज्यादा रोता उसकोच."

"या मुलीला दिलं?"

"हौ. दिया. नाक बह रही थी उसकी."

"आणि अफू?"

तिनं कानाला हात लावला. "अफीम मैं देखी बी नहीं आज तक. सुबू तो उसकू चम्मच देने की बी जरूरतइच नहीं पड़ती थी बाई, वो नींद मेंच आती थी. दोपहर को उठी तो फिर ऐसा रोती, ऐसा रोती, जैसे बदन में काँटे चुभ रहे. तब देती थी चम्मच."

मी लिहून घेतलं. सकाळी लवकर उचलून आणलेलं पोर झोपेतच असणार, असं वाटलं. साहेबांना सांगितलं, बाई औषधाचं कबूल करते, अफूचं नाही. साहेब म्हणाले, अर्धं कबूल केलं म्हणजे उरलेलं उद्या करेल. तिला अटक दाखवली. कोठडीत ती भिंतीला पाठ लावून बसली. जेवली नाही. मला एकदाच विचारलं, "बच्ची कैसी है?" आरोपी स्वतःच्या जामिनाचं आधी विचारतो. ते मी मनात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शुद्धीवर आली. हजेरी झाल्यावर निरोप मिळाला, की दूध प्याली, रडली. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. ठाण्यात सगळे हलके झाले. साहेबांनी दुपारी मला आईचा पुरवणी जबाब घ्यायला पाठवलं, कागद पूर्ण करायचे म्हणून.

मुलांच्या वॉर्डात आवाज फार. खाटेला खाट लागलेली, एक रडलं की चार रडतात. वॉर्डातल्या सिस्टर दारातच मला म्हणाल्या, "तुमच्या केसनं डोकं उठवलं होतं सकाळपासून. आईला म्हटलं, गप्प कर गं बाई तिला, नाहीतर व्हरांड्यात घेऊन बस."

मी खाटेपाशी गेले. मुलगी झोपली होती. आई शेजारी टेकून बसली होती. कालपासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा बरं दिसत होतं.

"आत्ता कुठं शांत झोपली बघा," ती म्हणाली. "किती रडत व्हती सकाळधरनं. सिस्टर लई बोलल्या."

मी मुलीच्या कपाळावर हात ठेवला. गार घाम. छातीकडं पाहिलं तर श्वास थांबत थांबत येत होता. पापणी उचलली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. आदल्या दिवशी डॉक्टरांनी हेच मला दाखवलं होतं आणि अफूची खूण म्हणून सांगितलं होतं.

मी डॉक्टरांना हाक मारली. वॉर्डात पळापळ झाली. मुलीला उचलून आत नेलं. आई उभीच राहिली, तिला काय चाललंय ते कळेना. "पुन्हा कसं झालं? पुन्हा कसं झालं ओ?"

खाला तर आमच्या कोठडीत होती.

मी आईला खांद्याला धरून व्हरांड्यात नेलं. "काय दिलंस तिला?"

"काय बी नाय दिलं."

"आज सकाळपासून तिच्या तोंडात काय काय गेलं ते एकेक सांग. पाणीसुद्धा सांग."

ती सांगायला लागली. दूध. पाणी. अर्धं बिस्कीट. मग म्हणाली, "आन् तिची गोळी."

"कसली गोळी?"

तिनं पदराची गाठ सोडली. आतल्या चिंधीत मोहरीपेक्षा जरा मोठ्या काळ्या गोळ्या होत्या. तिला लपवायचं नव्हतंच. विचारलं असतं तर कालच दाखवल्या असत्या. आम्ही औषध दिलं का विचारलं होतं, आणि तिच्या लेखी ते औषध नव्हतं. काजळ घालावं, तीट लावावी, तशी ती गोळी होती.

"सासूबाईंनी दिल्यात. रोज सकाळी एक. आमच्या मालकांना बी लहानपणी दिली, दोन्ही दिरांना बी दिली. सगळे धडधाकट हायेत की."

"ही अफू आहे."

"नाय ओ बाई. लेकराची गोळी हाय ही."

"काल किती दिल्यास?"

आता तिचा चेहरा बदलायला लागला. "दोन. रात्रभर नाक चोंदून रडली. खाला म्हणती, रोता बच्चा मत लाव. मागं एकदा दारातनं परत लावलं मला. त्या दिवसाचा खाडा पडला. सुपरवायझर म्हणला, अजून एक झाला की घरी बस. मग मी झोपवूनच नेते तिला."

तेव्हा मला सगळं दिसलं. खालाला गप्प पोर हवं होतं, म्हणून आई पोराला गप्प करून आणायची. गोळीचा अंमल उतरला की पोर अंग टाकून रडायचं, म्हणून खाला चमचा पाजायची. एकीचं दुसरीला माहीत नव्हतं. त्या दिवशी दोन गोळ्या आणि वर चमचा, सगळं त्या एवढ्याशा पोटात गेलं.

आईनं हातातल्या चिंधीकडं पाहिलं. "मंजे म्याच?" एवढंच म्हणाली.

तिचा नवरा तोवर आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. बायकोला काही न म्हणता तो माझ्याकडं वळला. "हवालदार बाई, माझ्या आईचं नाव कागदावर आणू नका."

"मी गोळीचं नाव आणतेय. ती कुठून आली ते तुम्ही सांगा."

तो मागं सरला. मुलीची आई माझा हात धरून म्हणाली, "बाई, लिहू नका ना. मला घरात घ्यायचे नाहीत. खालानं पाजलं म्हणून लोकांनी मानलंय, ऱ्हाऊ द्या तसंच. पोरगी जगली तर मी पाया पडते त्या खालाच्या."

"ती कालपासून कोठडीत बसलीय. तिच्या दारावर लोकांनी दगड मारलेत. तिच्या पाया कोठडीत जाऊन पडणार का?"

तिनं माझा हात सोडला. आतून मुलीचा बारीक रडण्याचा आवाज आला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेवर सापडली. मग आई म्हणाली, "लिहा."

जबाब घेऊन मी साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला. "आईवर कलम लावायचं? जिनं फिर्याद दिली तिच्यावरच? उद्या पेपरात काय येईल?"

"पेपराचं मला माहीत नाही साहेब. डायरीत काय लिहू ते सांगा."

साहेब माणूस म्हणून चांगले होते. रागावले, पण लिहा म्हणाले. गुन्हा दोघींवर राहिला, निष्काळजीपणाचा. खालाला जामीन मिळाला. गोळ्या विकणारा शेवटपर्यंत सापडला नाही, आणि सासूनं त्या आपल्या सासूकडून आल्या असं सांगितलं. यापेक्षा जास्त न्याय झाला नाही.

साहेब खालाला सोडायला स्वतः जीप घेऊन गल्लीत गेले आणि अफू तिनं दिली नव्हती हे सगळ्यांसमोर सांगितलं. लोक ऐकून घरात गेले. माफी कुणी मागितली नाही. फाशीची भाषा करणाऱ्या बायका थोड्याच दिवसांत पोरं घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. कारखान्याचा भोंगा काही थांबत नाही. खालानं निम्मीच पोरं घेतली, एक भाची मदतीला ठेवली. बाटल्या आम्ही जप्त केल्या होत्या, तिनं नव्या आणल्या नाहीत.

यातून मी शिकले ते सांगते. पोराचं रडणं ऐकून घेणं, हे पोर वाढवण्यातलं निम्मं काम आहे. ते टाळायला माणसं काय वाटेल ते करतात, आणि त्यात वाईट माणसंच असतात असं नाही. शाळा, क्लास, नाच, गाणी सगळं पोराला द्या. पण 'आमचं पोर अजिबात त्रास देत नाही' असं कुणी कौतुकानं सांगितलं की मी पोराकडं नीट बघते. पुढं नोकरीत लहान मुलांच्या किती केसेस आल्या. घरात शिरले की आधी पोरं आवाज करतात का ते ऐकायचे, मग मोठ्यांचं.

पुढं एका सकाळी खालाला समन्स बजावायला मी त्या गल्लीत गेले होते. तीच आई मुलीला कडेवर घेऊन आली. दुसरीकडं कुठं तिला ठेवून घेतलं नव्हतं. मुलगी पूर्ण जागी होती. लाथा मारत होती, आईचे केस ओढत होती, नाक गळत होतं, आणि रडणं तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं. आई दारात येऊन थांबली. आत यायची तिची हिंमत होईना.

खाला उठली. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या होत्या.

"रोती हुई लाई?" खाला म्हणाली.

"व्हय."

"रोज ऐसीच लाना. दे इधर."

तिनं मुलीला ओढून घेतलं. मुलीनं तिला एक चापट मारली. खालानं ती खाल्ली आणि तिला खांद्यावर टाकून थोपटायला लागली. "अब तू जा. भोंगा हुआ."

आई गेली नाही. आजवर तिनं कधी रडती पोरगी मागं टाकली नव्हती. रोज झोपलेली ठेवायची आणि निघायची. पदर तोंडात धरून ती तिथंच उभी राहिली. मी म्हटलं, "निघ, खाडा पडेल." तेव्हा कुठं ती निघाली. मुलगी मागून तिला हाका मारत होती, आणि ती कोपऱ्यापर्यंत तीनदा वळून बघत, पण चालत, कारखान्याकडं गेली.